फॉर्च्युनरमागे बोट बांधण्याआधी

खानदेशात मागे काहीतरी जोडून ओढायचं कसं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. दिवाळीनंतर जिनिंगच्या दारात कापसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. रावेर-यावलच्या बागांमधून केळीचे घड ट्रॅक्टरवर रस्त्यापर्यंत येतात. रस्त्यात बंद पडलेली गाडी टोचन करून गॅरेजला पोहोचवायला तर फोन करायचाच अवकाश, कुणी ना कुणी साखळी घेऊन हजर होतो. आता जळगाव-धुळ्यात ज्यांच्या दारात फॉर्च्युनर, एन्डेव्हर किंवा त्याहून भारी डिफेंडर उभी आहे, त्यांतल्या काहींना मागे बोट जोडून तापीवर जायची हौस लागली आहे. हौसेला माझा विरोध नाही. पण ट्रॉलीची विद्या इथे अर्धीच कामाला येते. ट्रॅक्टर ताशी पंचवीस-तीसच्या वेगाने चालतो, म्हणून त्याच्या मागच्या कितीतरी चुका पोटात घातल्या जातात. ताशी ऐंशीला त्याच चुका माफ होत नाहीत.

दुसरी गोष्ट गाडीच्या ताकदीची. आजच्या मोठ्या डिझेल एसयूव्हीला टनभर वजन मागे लावलं तरी चालवणाऱ्याला फारसं जाणवत नाही. सपाट रस्त्यावर गाडी तशीच पळते, एसी तसाच चालतो, गाणी तशीच वाजतात. ट्रॅक्टरवाल्याला भार क्लचमध्ये आणि इंजिनाच्या आवाजात कळतो. एसयूव्हीत तो कळतो पहिल्यांदा जोरात ब्रेक मारावा लागतो तेव्हा. म्हणून ‘माझी गाडी ओढेल का’ हा प्रश्न सोडून द्या. ती ओढेलच. मागचं वजन घेऊन ती थांबेल का आणि सरळ राहील का, एवढंच पाहायचं आहे. पुढे जे काही लिहिलं आहे ते याच दोन प्रश्नांसाठी.

ट्रेलर लागतोच का?

आधी हे प्रामाणिकपणे ठरवा. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्यात आहे. पुरात ती रबरी बोटी वापरते आणि त्या बोटी हवा काढून, घड्या घालून गाडीत जातात. चार माणसांना वाघूर धरणाच्या किंवा सुलवाडे बॅरेजच्या पाण्यात सकाळी दोन तास फिरायचं असेल, तर तीन-साडेतीन मीटरची हवेची चांगली बोट आणि दहा-पंधरा अश्वशक्तीचं इंजिन एसयूव्हीच्या मागच्या भागात मावतं. हुक नको, ट्रेलरची नोंदणी नको, रिव्हर्सची कसरत नको. माझ्या मते वर्षातून पाच-सहा वेळाच पाण्यावर जाणाऱ्याने फायबरची बोट आणि ट्रेलर घेणं म्हणजे अंगणात एक कायमचं काम उभं करणं आहे. तरीही फायबरचीच हवी असेल, तर पुढे वाचा.

वजन काट्यावर करा, अंदाजाने नाही

सोळा फुटी फायबर बोट घेऊ. नुसतं हल साधारण ४५० किलो. साठ अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन ११५ किलोच्या आसपास. टाकीत ६० लिटर पेट्रोल, म्हणजे सुमारे ४५ किलो. बॅटरी २५. नांगर, दोर, लाइफ जॅकेट, बर्फाचा डबा असं किरकोळ सामान धरून ६०. आणि खुद्द ट्रेलर ३०० किलो. बेरीज ९९५ होते. दुकानदाराने ‘साडेचारशे किलोची हलकी बोट आहे साहेब’ असं सांगितलं, तेव्हा तो खोटं बोलला नव्हता, फक्त अर्धंच बोलला. त्यात बोटीच्या तळाशी पावसाचं पाणी साचलं असेल तर लिटरमागे एक किलो आणखी, आणि तेही ब्रेक मारताच पुढे आणि गिअर टाकताच मागे धावणारं. निघण्याआधी तळाचं बूच काढून पाणी पूर्ण जाऊ द्यायचं ते याचसाठी.

टनाचा हा हिशेब महत्त्वाचा आहे, कारण युरोपात आणि ऑस्ट्रेलियात ७५० किलोवर रेघ ओढली आहे. त्याच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत. डिफेंडरसारखी गाडी तिथे ब्रेक असलेला ३५०० किलोचा ट्रेलर ओढू शकते, पण बिनब्रेकचा मात्र ७५० किलोचाच. ऑस्ट्रेलियात विकल्या गेलेल्या फॉर्च्युनरलाही बिनब्रेकच्या ट्रेलरची मर्यादा ७५० किलोचीच आहे. म्हणजे सोळा फुटी बोट घेतलीत की ब्रेकचा ट्रेलर आलाच. यात काटकसर करायला जागा नाही.

परदेशातले हे मोठे आकडे पाहून हुरळून मात्र जाऊ नका. ते त्या देशात विकलेल्या मॉडेलचे आहेत, तिथल्या हुकचे आणि तिथल्या कूलिंगचे आहेत. भारतात मिळालेल्या तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची मर्यादा दिली असेल तर ती पाळा. दिली नसेल तर कंपनीकडून ईमेलवर लेखी उत्तर घ्या. शोरूममधल्या विक्रेत्याच्या ‘आरामात जाईल’ला पुढे विमा कंपनीसमोर काडीची किंमत नसते. आणखी एक मर्यादा लोक विसरतात, ती गाडी आणि ट्रेलर यांच्या एकत्र वजनाची. सात माणसं आणि त्यांचं सामान भरल्यावर ट्रेलरसाठी उरणारा वाटा कमी होतो.

मोजायला आपल्याकडे अडचण नाही. कापूस, केळी, मका यांच्यामुळे खानदेशात प्रत्येक मोठ्या गावाबाहेर वजनकाटा आहे. बोट, पेट्रोल, सामान सगळं चढवून ट्रेलर गाडीपासून सोडा, एकटा काट्यावर ठेवा आणि पावती घ्या. ट्रकचा मोठा काटा दहा-वीस किलोच्या टप्प्यांनी आकडा दाखवतो, एकूण वजनाला तेवढं पुरे.

पण दांडीचं वजन त्यावर नीट कळत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. ट्रेलरची पुढची दांडी हुकच्या बॉलवर किती जोराने खाली दाबते, यावर ट्रेलर सरळ चालणार की शेपटी हलवणार ते ठरतं. साधारण नियम एकूण वजनाच्या दहा टक्क्यांचा. टनभराच्या ट्रेलरला शंभर किलो. यापेक्षा बरंच कमी असेल तर ट्रेलर मागून डुलायला लागतो. फार जास्त असेल तर गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात, आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. हे मोजायला अडत्याकडचा किंवा धान्य दुकानातला दोनशे किलोचा प्लॅटफॉर्म काटा उत्तम. ट्रेलर सपाट जागी उभा करा, चाकांखाली ठोकळे लावा, काट्यावर लाकडाचा असा ओंडका ठेवा की दांडीचं टोक बॉलच्या उंचीला टेकेल, आणि वाचा. आलेला आकडा तुमच्या हुकवर आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत बसतो का, तेही पाहा.

बोटीत हा आकडा बिघडतो तो इंजिनामुळे. शंभर-सव्वाशे किलोचं इंजिन अगदी टोकाला, मागे लटकलेलं असतं. बोट ट्रेलरवर चढवताना वीतभर मागेच राहिली, तरी दांडीवरचा भार झरझर उतरतो. म्हणून बोट दर वेळी पुढच्या रबरी टेकूला चिकटेपर्यंत ओढून घ्यायची. तरीही भार कमी भरत असेल तर नांगर, बॅटरी, सामान पुढे सरकवा. तेवढ्याने भागलं नाही तर बोट ओढून घेणाऱ्या विंचचा ट्रेलरवरचा खांब पुढे घ्यावा लागेल, आणि ते काम फॅब्रिकेटरचं आहे.

हुक, साखळी आणि वेल्डिंगवाला

आपल्याकडे बऱ्याच गाड्यांना मागे जो चकचकीत हुक दिसतो, तो ओढण्यासाठी नसतोच. मागून कुणी ठोकलं तर बंपर वाचावा म्हणून तो लावलेला असतो. दोन बोल्टांवर लटकलेल्या त्या शोभेच्या वस्तूला टनभराची बोट लावणं म्हणजे बोट रस्त्यावर सोडून देणंच. खरा हुक चासीला अनेक जागी बोल्टने बसतो आणि त्याच्यावर वजनाची पट्टी असते.

एमआयडीसीतला वेल्डिंगवाला ट्रॉलीचं काम झकास करतो, पण इथे त्याला हात लावू देऊ नका. फॉर्च्युनर, एन्डेव्हर, स्कॉर्पिओ-एन या शिडीसारख्या चासीवरच्या गाड्या आहेत. नवी डिफेंडर मात्र अ‍ॅल्युमिनियमची एकसंध बॉडी आहे. तिला वेगळी चासीच नाही. तिथे वेल्डिंग करायला गेलात तर गाडीच कमकुवत होईल. तिला कंपनीचाच हुक लागतो. कंपनीच्या हुकबरोबर कंपनीचं वायरिंगही घ्या, कारण मागे ट्रेलर आहे हे गाडीच्या कॉम्प्युटरला त्यातूनच कळतं. ज्या गाड्यांत ट्रेलर डुलू लागला की आपोआप ब्रेक लावून सावरण्याची सोय आहे, ती सोय या वायरिंगशिवाय जागी होत नाही. उलट बाहेरून तारा जोडल्या तर पार्किंगचे सेन्सर बोटीलाच अडथळा समजून बोंबलत राहतात.

बॉलच्या मापाची एक फसगत नोंदवून ठेवतो. युरोपच्या पद्धतीचा बॉल ५० मिलिमीटरचा, अमेरिकेचा दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटर. डोळ्याला फरक दिसत नाही. पण ट्रेलरच्या दांडीच्या टोकाला असलेल्या दोन इंची कपात ५० चा बॉल बसवला की तो बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात उडी मारून सुटू शकतो. ट्रेलर एका देशाचा आणि हुक दुसऱ्या देशाचा असं आपल्याकडे सर्रास होतं, तेव्हा दोन्हींवर कोरलेला आकडा वाचा. जोडल्यावर ट्रेलरच्या पुढच्या जॅकने दांडी वर उचलून पाहा. गाडीची मागची बाजू तिच्याबरोबर वर आली पाहिजे. नुसती दांडीच वर आली तर कप लागलेला नाही.

त्याखाली दोन साखळ्या, एकमेकींवर फुली पडेल अशा. दांडी सुटलीच तर ती फुलीवर झेलली जाते, रस्त्यात घुसत नाही. शिवाय एक बारीक तार, जी ट्रेलर पूर्ण सुटला तर त्याचे ब्रेक ओढते. ही तार बॉलच्या मानेभोवती गुंडाळू नका, गाडीच्या बाजूला वेगळ्या कडीत अडकवा. ट्रॅक्टरच्या पिनीला तार बांधून काम भागवायची सवय आपल्याला आहे. इथे ती मोडा.

ट्रेलरचे ब्रेक दोन प्रकारचे मिळतात. एकात गाडी थांबायला लागली की ट्रेलर पुढे ढकलतो, दांडीतला दट्ट्या आत जातो आणि त्याच जोराने ट्रेलरचे ब्रेक लागतात. दुसरे विजेचे, ज्यांचं नियंत्रण ड्रायव्हरजवळ असतं. विजेचे हाताळायला छान, पण बोटीचा ट्रेलर पाण्यात बुडतो आणि पाण्याचं आणि विजेच्या ब्रेकचं जमत नाही. बोटीसाठी पहिलाच प्रकार घ्या.

बोट ट्रेलरला बांधायची ती पुढच्या विंचच्या पट्ट्यावर विसंबून नाही. मागच्या दोन्ही कोपऱ्यांना रॅचेटचे पट्टे, पुढे विंचशिवाय एक वेगळी साखळी. इंजिन वर उचलून त्याला आधाराची दांडी द्या, नाहीतर प्रत्येक स्पीड ब्रेकरला सगळा झटका बोटीच्या मागच्या फळीला बसतो.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरच्या मागे दिसला पाहिजे, कारण बोटीआड तुमची एमएच-१९ किंवा एमएच-१८ ची पाटी झाकली जाते. कलम ६१ याबद्दलच आहे. गाडीत परवानगीशिवाय केलेल्या फेरफारांसाठी कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे हुक बसवण्याआधी आरटीओत अर्ज करून लेखी उत्तर घ्या, आणि विमा कंपनीला कळवून गाडीच्या पॉलिसीत ट्रेलरचा उल्लेख करून घ्या. अपघातानंतर विमा कंपनी पहिल्यांदा हेच कागद मागते.

बोटीला इंजिन असेल तर २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा लागू होतो, त्याची चौकशी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे करा. धरणाच्या पाण्यात उतरायचं तर जलसंपदा खात्याची परवानगी हवी. जळगावातच तापी पाटबंधारे विकास महामंडळाचं कार्यालय आहे, तिथून सुरुवात करा. वाघूरचं पाणी जळगाव शहर पितं, हतनूरला हिवाळ्यात पक्षी उतरतात. तिथे ‘आपलंच धरण आहे’ म्हणून तेल गळणारं इंजिन घेऊन घुसू नये.

रस्ता

बोट बहुतेक मुंबईकडून येणार. म्हणजे कसाऱ्याचा चढ, मग चांदवडच्या पुढचा राहुड घाट, मग मालेगाव सोडल्यावर धुळ्यात उतरणारा लळिंग. घाट चढताना माणसं घाबरतात आणि उतरताना निवांत होतात. ट्रेलर मागे असताना उलटं वागा. चढावर फार तर गाडी तापेल, तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेवलं आणि बाजूला थांबलात की झालं. उतारावर टनभर वजन तुम्हाला मागून ढकलत असतं. गाडीचं वजन दोन टनांहून जास्त, त्यात माणसं, त्यात बोट. साडेतीन टनांचा गोळा केवळ ब्रेकच्या भरवशावर घाट उतरवला तर ब्रेक तापून ढिले पडतात.

उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये घेऊन दुसरा किंवा तिसरा धरा. इंजिन गुरगुरू दे, ते गुरगुरण्यासाठीच बनलं आहे. वेग वाढला की ब्रेक ठामपणे दाबून वेग उतरवा आणि पाय काढा. ब्रेकला पाऊल टेकवून सगळा घाट उतरणारा माणूस खाली पोहोचेपर्यंत ब्रेक जाळून बसलेला असतो. आणि डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं ही ट्रकवाल्यांची जुनी खोड तर कुणी चुकूनही करू नये. ४ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशाकडून येणारा एक कंटेनर पळासनेरजवळ ब्रेक निकामी होऊन वाहनांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात शिरला. किमान दहा जण गेले. शिरपूर तालुक्यातल्या लोकांना त्या उताराबद्दल वेगळं सांगायला नको.

सुरत-नागपूर महामार्ग आता चौपदरी आणि गुळगुळीत आहे, म्हणून तिथेच जास्त सांभाळा. ताशी ६० ते ७० च्या वर जाऊ नका. ब्रिटनमध्येसुद्धा ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीला दुपदरी रस्त्यावर ताशी ५० मैलांचीच, म्हणजे ८० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि तिथे समोरून चुकीच्या बाजूने बैलगाडी येत नाही. वेग ६० वरून ८० वर नेला की वजनाच्या अंगातला जोर पावणेदोन पटींहून जास्त होतो. थांबायला लागणारं अंतरही त्याच हिशेबाने वाढतं. पुढच्या वाहनापासून पाच सेकंदांचं अंतर ठेवा. ताशी ६० ला ते ८३ मीटर भरतं. तेवढ्या जागेत कुणीतरी मोटारसायकल घुसवणारच, मग पुन्हा मागे राहा. चिडून उपयोग नाही.

मोटारसायकलवाल्यांचा धोका मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे आणि त्याकडे लक्ष गेलेलं मला दिसत नाही. आपल्याकडे रस्ता ओलांडणारा माणूस मोठी गाडी गेली की लगेच तिच्या मागून निघतो. ट्रॅक्टर दिसला की ट्रॉली असणार हे त्याला ठाऊक असतं. फॉर्च्युनरच्या मागे बोट असेल हे त्याच्या स्वप्नातही नसतं. गाडी गेली म्हणून तो पाऊल टाकतो, आणि समोर दांडी. जळगाव शहरातून जाताना आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौफुली इथे हे घडायला सेकंद पुरे. शक्य असेल तर पहाटे शहर पार करा. दांडीला पिवळ्या-लाल रिफ्लेक्टर पट्ट्या गुंडाळा आणि एका बाजूला काठीवर लाल फडकं लावा. वळताना चौकात आधी पुढे जाऊन मग वळा, कारण ट्रेलरची चाकं नेहमी आतल्या बाजूने कापतात, जिथे सायकलवाला उभा असतो. आणि चारही इंडिकेटर सतत लुकलुकत ठेवून चालू नका. मग तुम्ही वळणार आहात हे मागच्याला कळायची सोयच उरत नाही.

रात्री नेऊच नका. गाळपाच्या दिवसांत मागचा दिवा नसलेल्या उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या समोर अचानक उभ्या राहतात, आणि तुमचं थांबण्याचं अंतर नेहमीचं राहिलेलं नसतं.

आता डुलण्याविषयी. मोठा ट्रक शेजारून गेला, उतारावर वेग वाढला किंवा बाजूचा वारा लागला की ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागतो. मे-जूनमध्ये रावेर-यावलच्या केळीच्या बागा आडव्या करणारा वारा बोटीच्या उंच कुशीला काय करेल, याचा अंदाज करा. बोटीवरचं कापड सैल असेल तर त्याचं शीड होतं. झुलणं सुरू झालं की माणूस दोन गोष्टी करतो, स्टिअरिंग उलटसुलट फिरवतो आणि ब्रेक मारतो. दोन्हींनी झोका वाढतो. स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळूच काढा, वेग आपोआप उतरू द्या. शांत झाल्यावर बाजूला थांबून दांडीचा भार, टायरची हवा आणि पट्टे तपासा. झोका उगाच येत नाही. बहुतेकदा बोट मागे सरकलेली सापडते.

उन्हाळ्याचा एक खास खानदेशी मुद्दा टायरांचा. भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, डांबर त्याहून किती तरी तापतं. बोटीचे ट्रेलर महिनोन्‌महिने एका जागी उभे असतात, नक्षी जशीच्या तशी दिसते, पण रबर आतून कडक झालेलं असतं. टायरच्या बाजूला चार अंकी खूण असते. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. सहा वर्षांहून जुना टायर दिसायला नवा असला तरी बदला. हवा सकाळी थंड टायरमध्ये, टायरवर लिहिलेल्या दाबाप्रमाणे भरा. गाडीची स्टेपनी ट्रेलरला बसत नाही, त्याची वेगळी घ्या, आणि त्याच्या नटांना बसणारा पानाही. निघाल्यावर वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून नट घट्ट करा आणि चाकाच्या मधल्या भागाजवळ हाताचा पंजा न्या. दोन चाकांपैकी एक जास्त गरम वाटलं तर बेअरिंग चाललं.

आणि रस्त्याने नेताना बोटीत कुणालाही बसवू नका. पोरांना मजा वाटते, मोठ्यांनाही वाटते. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपई भरलेलं वाहन उलटलं आणि मालावर बसलेले किमान पंधरा मजूर गेले. ते पोटासाठी बसले होते. हौसेसाठी बसायला काहीच कारण नाही.

रिव्हर्स आणि पाणी

रिव्हर्स शिकायला बाजार समितीचं रिकामं आवार सुटीच्या दिवशी चांगलं. गुरू म्हणून गावातला कुणीही ट्रॉलीवाला पकडा. उसाची जोडट्रॉली मागे घेणाऱ्यासमोर आपली एका धुऱ्याची बोट म्हणजे पोरखेळ आहे, फी म्हणून चहा पुरेल. एकच खूण सांगतो. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. हात ज्या बाजूला सरकवाल त्या बाजूला ट्रेलर जातो. चुकलं की सुधारत बसू नका, पुढे घेऊन सरळ करा आणि पुन्हा सुरू करा. ट्रेलर आणि गाडी यांचा काटकोन होऊ दिलात तर दांडी वाकते. दट्ट्याचे ब्रेक असतील तर काही ट्रेलरमध्ये रिव्हर्सआधी ते अडकवून ठेवावे लागतात, नाहीतर मागे ढकलताच ते लागतात.

तापीला बोट उतरवण्याचा पक्का उतार शोधत बसलात तर बहुतेक निराशाच हाती येईल. काठ खोल गाळाचे, जागोजागी घळी पडलेले, आणि धरणातलं पाणी उन्हाळ्यात मागे सरकलं की वरून भेगाळलेला, आतून लोण्यासारखा चिखल. आधी पायी जा. काठी खुपसून पाहा. जागा निवडताना मासेमारी संस्थेच्या माणसांना विचारा. जाळी कुठे आहेत आणि जमीन कुठे पक्की आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. पावसाळ्यात मात्र जाऊच नका. हतनूरला ४१ दरवाजे आहेत. ते उघडले की खाली नदी कशी होते ते तापीकाठच्याने पाहिलेलं असतं. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा या बॅरेजांच्या दरवाज्यांपासून कोणत्याही ऋतूत लांब राहा.

पाण्याशी पोहोचल्यावर लगेच ट्रेलर बुडवू नका. दीड तास पळालेला गरम हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी शोषून घेते. मग ग्रीसचं दही होतं आणि बेअरिंग परतीच्या वाटेवर जातं. अर्धा तास थांबा. तेवढ्यात दिव्यांचं कनेक्शन काढा, बूच लावलं का ते दोनदा पाहा. पाण्यात घालताना गाडीत फक्त ड्रायव्हर, काचा खाली, सीटबेल्ट सोडलेला. गाडीची मागची चाकं पाण्याच्या काठाशीच थांबली पाहिजेत. दोर लांब ठेवून बोट ढकलता येते. हँडब्रेक, मग गिअर, आणि उतरण्याआधी खालच्या माणसाने चाकांमागे ठोकळे लावलेले.

तरी गाडी चिखलात रुतली, तर आपल्याकडे जे होतं ते होईल. ट्रॅक्टर येईल, साखळी येईल, आणि कुणीतरी ती तुमच्या चकचकीत बॉलला अडकवेल. तिथे त्याला थांबवा. बॉल सावकाश ओढण्यासाठी बनलेला आहे, रुतलेली गाडी हिसका देऊन उपसण्यासाठी नाही. तो मोडला तर गोळीसारखा सुटतो, आणि ऑस्ट्रेलियात असे सुटलेले बॉल लागून माणसं मेली आहेत. गाडीच्या चासीला कंपनीने दिलेली ओढण्याची कडी असते, ती कुठे आहे हे घरीच पुस्तिकेत पाहून ठेवा. साखळीऐवजी पट्टा वापरा, त्याच्या मधोमध ओलं पोतं टाका म्हणजे तुटला तर झेप घेणार नाही. पट्ट्याच्या दीडपट अंतराच्या आत कुणी उभं राहू देऊ नका, गावची पोरं तर नाहीच. ट्रॅक्टरवाल्याला आधी सांगा, हिसका नाही, पहिल्या गिअरमध्ये ताण घ्यायचा.

बाहेर आल्यावर ओल्या ब्रेकवर लगेच घाट किंवा महामार्ग धरू नका. शेतरस्त्यावरच हळू चालवत तीन-चार वेळा ब्रेक दाबून ते सुकवा. घरी आल्यावर बूच काढून बोट पुढून थोडी उंच ठेवा म्हणजे पाणी मागे वाहून जाईल, ट्रेलर गोड्या पाण्याने धुवा, हबमध्ये ताजं ग्रीस भरा. ट्रेलर चार-सहा महिने उभा राहणार असेल तर धुऱ्याखाली ठोकळे देऊन चाकं जमिनीवरून सोडवा, टायरांवर ऊन पडणार नाही असं झाका, आणि वजनकाट्याची पावती ट्रेलरच्या कागदांतच ठेवा. पुढच्या वेळी नवं सामान चढवलंत की पुन्हा मोजायचं आहे.